तीन टॉवेल भिजले तरी रक्त का थांबलं नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. वडील खिडकीची फुटलेली काच काढत होते, वय ६८, डाव्या मनगटाच्या जरा वर आतल्या बाजूला काच घुसली आणि रक्त भळाभळा यायला लागलं. तुम्ही टॉवेल गुंडाळला, तो भिजला म्हणून काढून दुसरा गुंडाळला, मग तिसरा, आणि मधेमधे उघडून थांबलंय का ते बघत होतात. तेवढ्यात शेजारचे काका आले, त्यांनी दंडाला नायलॉनची दोरी बांधली, तर रक्त कमी व्हायच्या ऐवजी वाढलं आणि हात जांभळा पडला. शेवटी दवाखान्यात टाके पडले. आता वडील बरे आहेत आणि तुम्ही विचारताय की माझं काय चुकलं, दोरी बांधायची की नाही, आणि परत कधी असं झालं तर नेमकं काय करू. शेवटी एका ओळीत लिहिलंय की त्यांना स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. ती ओळ महत्त्वाची आहे, त्यावर पुढे येते.

मी २१ वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, आणि तुमच्यासारखे टॉवेलाचं गाठोडं धरून धावत आलेले मुलगे, मुली, नवरे, बायका जवळजवळ रोज बघते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न असतो की आपण काही कमी केलं का. तुम्ही वडिलांना सोडून कुठं पळाला नाहीत आणि वेळेत घेऊन गेलात, हे आधी स्वतःला सांगा. आता चुकलं काय ते बघू, कारण ते समजलं की पुढच्या वेळी हात आपोआप बरोबर जागी जाईल.

तुमचा प्रश्न वाचताना वाटतं की अडचण कपड्याची आहे, म्हणजे टॉवेल पुरला नाही, अजून जाड काहीतरी हवं होतं. पण अडचण वेगळी होती. तुम्ही जखम झाकत होतात, दाबत नव्हतात. टॉवेल गुंडाळला की रक्त दिसेनासं होतं आणि आपल्याला वाटतं काहीतरी केलं, पण आत जिथून रक्त येतंय तिथं त्या टॉवेलाचा दाब जवळजवळ काहीच पडत नाही. जाड टॉवेल म्हणजे उशी, तुमच्या हाताची सगळी ताकद तो सगळीकडे पसरवून टाकतो आणि रक्त शोषत राहतो. मी एकदा एक माणूस बघितला, मांडीला तीन पंचे आणि वर चादर गुंडाळून आणलेला, वरून चादर कोरडी होती म्हणून बरोबरचे लोक निवांत होते, आणि आम्ही ते सोडलं तर आतला पंचा पिळला असता तर रक्त निथळलं असतं. बाहेरून कोरडं दिसतंय म्हणजे थांबलंय असं अजिबात नसतं.

रक्त थांबतं कसं ते जरा समजून घ्या, मग बाकीचं पाठ करावं लागत नाही. नस कापली की पहिल्या काही सेकंदात ती स्वतःच आकसते. मग रक्तातल्या प्लेटलेट्स त्या भोकापाशी येऊन एकमेकींना चिकटतात आणि एक कच्चं बूच तयार होतं. त्यावर मग फायब्रिनचे धागे विणले जातात, बारीक जाळीसारखे, आणि ते बूच पक्कं होतं. या सगळ्याला काही मिनिटं लागतात. पण रक्त जोरात वाहत असेल तर प्लेटलेट्स जमायच्या आधीच वाहून जातात, त्यामुळे तुमच्या दाबाचं काम एवढंच की प्रवाह अडवून धरायचा आणि शरीराला ती काही मिनिटं मिळवून द्यायची. आणि तुम्ही दर मिनिटाला टॉवेल उचलून बघितलंत की ते कच्चं बूच टॉवेलाला चिकटून निघून येतं आणि परत शून्यापासून सुरुवात होते. तीन टॉवेल बदललेत म्हणजे निदान तीनदा ते बूच तुमच्याच हातानं निघालं असणार. हे दोष द्यायला सांगत नाहीये, बघावंसं वाटतंच, मलाही सुरुवातीला वाटायचं.

माझ्या ट्रेनिंगच्या दिवसात एक सिनियर सिस्टर होत्या. मी एका पेशंटच्या हातावर गॉज ठेवून वरून हात ठेवला होता आणि रक्त बोटांच्या फटीतून येत होतं. त्यांनी काही न बोलता माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि दाबली. एवढ्या जोरात की माझी नखं पांढरी झाली. पाचसात सेकंदात फटीतून येणारं रक्त बंद झालं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दाब म्हणजे किती दाब. आपण घरच्या माणसाला दुखेल म्हणून हळू धरतो, पण रक्त थांबवायचा दाब हा दुखणाराच असतो, पेशंट "आई गं" म्हणतो, आणि तरी सोडायचं नसतं.

तर परत असं झालं तर मी काय करीन ते सांगते. पहिलं म्हणजे माणसाला खाली बसवायचं किंवा सरळ आडवंच करायचं, उभं ठेवायचं नाही, कारण रक्त बघून चक्कर येऊन पडले तर डोक्याला दुसरी जखम. मग बाही वर करून किंवा फाडून जखम एकदाच नीट बघायची, दोनतीन सेकंद. हे लोक टाळतात, पण न बघता दाबलं तर नेम चुकतो. वरचं रक्त कपड्यानं पुसलं की कळतं नेमकं कुठून येतंय, पाच सेंटीमीटर लांब जखम असली तरी जोराचं रक्त बहुतेक वेळा एखाद्याच ठिकाणाहून येत असतं. तिथं एक स्वच्छ रुमाल किंवा गॉज घडी घालून, दोन बोटं रुंद अशी छोटी गादी करून ठेवायची आणि त्यावर तीन बोटं किंवा तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवून दाबायचं. हात टेबलावर किंवा जमिनीवर टेकवायचा, खाली काहीतरी टणक हवं, नाहीतर तुम्ही दाबताय आणि हात खाली जातोय असं होतं. आपलं कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन त्यावर टाकलं तर दहा मिनिटं दाबता येतं, नुसत्या बोटांच्या ताकदीनं दोन मिनिटात हात भरून येतो.

आणि मग घड्याळ. १० मिनिटं म्हणजे घड्याळातली १० मिनिटं, अंदाजानं नाही, अंदाजाची १० मिनिटं प्रत्यक्षात तीन असतात. कुणालातरी वेळ बघायला सांगा, त्याच माणसाला इमर्जन्सी नंबरला फोन करायला सांगा. एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा आणि दाब सोडू नका. जखमी माणूस शुद्धीवर आणि धडधाकट असेल तर त्यालाच दाबायला लावता येतं, तुम्ही फोन करेपर्यंत.

भिजलं तर काय, हा तुमचा खरा प्रश्न. आम्हाला शिकवलं होतं की खालचा कपडा कधीच काढायचा नाही, वर दुसरा ठेवत जायचं. ते एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. पहिल्यांदा भिजलं तर वर दुसरी घडी ठेवा आणि जास्त जोरात दाबा. पण तरीही रक्त येतच राहिलं तर थरावर थर चढवण्यात अर्थ नसतो, त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की तुमचा नेम चुकलाय, जिथून येतंय तिथं दाब पडत नाहीये. अशा वेळी सगळं एकदा काढून, पुसून, बघून, बरोबर जागी परत दाबा. एकदाच. हे मी माझ्या अनुभवातून सांगते. दर मिनिटाला उघडून बघणं आणि नेम चुकलाय म्हणून एकदा ठरवून उघडणं, यात खूप फरक आहे.

काचेची जखम आहे म्हणून आणखी एक. तुकडा आत राहिलाय का हे त्या पहिल्या दोनतीन सेकंदात बघायचं. अगदी वरवर पडलेला बारीक तुकडा असेल तर झटकून टाका, पण रुतलेला असेल, मग काच असो, सळई असो की सुरी, तो ओढायचा नाही. तोच कदाचित भोक बुजवून बसलेला असतो, आणि निघताना आणखी कापत येतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी कपड्याच्या गुंडाळ्या लावून, कडेनं दाबायचं, आणि ती वस्तू हलणार नाही अशी पट्टी बांधून तसंच न्यायचं.

१० मिनिटांनी थांबलं तर कपडा उचलून खात्री करू नका, त्याच गादीवर घट्ट पट्टी बांधा. पट्टीखालची बोटं गरम आणि गुलाबी राहायला हवीत. नख दाबून सोडलं की दोन सेकंदात रंग परत यायला हवा, नाही आला किंवा बोटं बधिर झाली तर पट्टी जरा सैल करा.

आता दोरी. शेजारच्या काकांचा हेतू चांगलाच होता, पण तुमच्याकडे जे झालं ते शंभरातल्या बऱ्याच जणांकडे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. हृदयाकडून हाताकडे जाणारं रक्त धमन्यांतून येतं, तिथला दाब म्हणजे आपण बीपी १२० म्हणतो तो वरचा आकडा. हाताकडून परत जाणारं रक्त शिरांमधून जातं, तिथला दाब फार कमी, १० च्या आसपास. शिरा वर असतात, पातळ भिंतीच्या, धमन्या खोल आणि जाड. आता दंडाला दोरी जेमतेम घट्ट बांधली, तर काय बंद होणार? शिरा. म्हणजे हातात रक्त येतंय पण परत जायचा रस्ता बंद, मग ते कुठं जाणार, जखमेतून बाहेर. म्हणून हात जांभळा आणि फुगलेला झाला आणि रक्त वाढलं. आम्ही रक्त काढायच्या आधी दंडाला रबरी पट्टा बांधतो तो नेमका याचसाठी, शिरा फुगाव्यात म्हणून. तर अर्धवट घट्ट दोरी ही दोरी न बांधण्यापेक्षा वाईट.

याचा अर्थ वर बांधायचंच नाही असा घेऊ नका, कारण दुसऱ्या टोकाला जाऊनही लोकांचे जीव गेलेत. जखमेच्या वर पट्टा बांधून रक्त पूर्ण बंद होईपर्यंत पिळतात, त्याला टुर्निकेट म्हणतात. बरीच वर्षं ते बांधणं म्हणजे हात कापायची तयारी असं शिकवलं जायचं. पण गेल्या वीसेक वर्षांत युद्धभूमीवरच्या अनुभवातून हे मत बदललं, लवकर आणि बरोबर बांधलेल्या टुर्निकेटनं जीव वाचतात आणि हातपाय त्यामुळे गमवावे लागणं फार विरळ आहे असं दिसलं. अमेरिकेत २०१५ मध्ये सामान्य लोकांना रक्तस्राव थांबवायला शिकवायची मोठी मोहीम सुरू झाली त्यातही टुर्निकेट शिकवतात.

मग कधी? माझ्या मते हातापायाची जखम असेल आणि यातलं काही असेल तर. रक्त नाडीबरोबर उडतंय आणि नीट दाबूनही थांबत नाहीये. हात किंवा पाय पूर्ण किंवा अर्धा तुटलाय. अपघातात बरेच जखमी आहेत आणि तुम्ही एकटे आहात, एकाला दाबून बसलात तर दुसरा जाईल. किंवा अशा जागी आहात की दाबून धरता येतच नाही, माणूस अडकलाय वगैरे. तुमच्या वडिलांच्या केसमध्ये, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून, नीट दाबलं असतं तर गरज पडली नसती. मनगटाच्या वरचं रक्त दाबानं जवळजवळ नेहमी थांबतं.

बांधायचं तर तयार टुर्निकेट असलेलं उत्तम, प्रवासात, कारखान्यात, लाकूड कापायच्या कामावर ते जवळ असायला हवं असं माझं ठाम मत आहे. नसेल तर रुंद पट्टी, निदान चार सेंटीमीटर, ओढणी किंवा कपड्याची पट्टी चालते. दोरी, वायर, बुटाची नाडी नको, त्या मांसात रुततात, खालचे मज्जातंतू चिरडतात आणि धमनी तरी बंद होतेच असं नाही. जखमेच्या पाचसात सेंटीमीटर वर, हृदयाच्या बाजूला, कोपर किंवा गुडघ्याच्या सांध्यावर नाही. एक गाठ मारायची, गाठीवर मजबूत काठी ठेवायची, वर दुसरी गाठ, आणि काठी पिळत जायची रक्त पूर्ण थांबेपर्यंत. पेन किंवा पेन्सिल मोडते, चमचा वाकतो, खरंच मजबूत काहीतरी घ्या. मग काठी सुटणार नाही अशी बांधून टाका. बरोबर बसलं असेल तर हात जांभळा न होता फिकट पांढरा पडतो आणि खालची नाडी लागत नाही. भयंकर दुखतं, माणूस ओरडतो, सोडा म्हणतो. सोडायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं सैल करून रक्त जाऊ द्यायचं असं जे जुन्या पुस्तकांत असायचं ते आता कुणी सांगत नाही, त्यात प्रत्येक वेळी रक्त जातं. बांधलेली वेळ कपाळावर किंवा हातावर पेनानं लिहा, आम्हाला ती वेळ फार उपयोगी पडते. साधारण २ तासांपर्यंत सहसा कायमचं नुकसान होत नाही, म्हणजे दवाखान्यात पोचायला बऱ्यापैकी वेळ असतो.

मान, जांघ, काख इथं बांधता येत नाही, तिथं जखमेच्या आत कपडा भरायचा असतो. ऐकायला भयानक वाटतं, पण जांघेतली धमनी फुटली तर काही मिनिटांत माणूस जातो, तेव्हा लाजायला वेळ नसतो. गॉज किंवा स्वच्छ कपड्याची लांब पट्टी बोटानं आत, रक्त जिथून येतंय तिथपर्यंत ढकलत जायची, जागा पूर्ण भरेपर्यंत, आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरायचं. मानेला मात्र एकाच बाजूला बोटांनी दाबायचं, गोल पट्टी गुंडाळायची नाही. छाती आणि पोटाच्या जखमेत काही भरू नका, तिथलं रक्त आत खोलवर असतं, आपण बाहेरून पोचत नाही, तिथं वेळेत ऑपरेशन टेबलपर्यंत नेणं हाच उपाय.

आत्तापर्यंतचं एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल की आडवं करा, एकदा बघा, छोट्या घडीनं नेमक्या जागी अंगाचं वजन टाकून दाबा, १० मिनिटं उघडू नका, आणि तरीही उडतच असेल तर रुंद पट्टीनं पूर्ण बंद होईपर्यंत पिळा.

आता वडिलांच्या गोळ्या. स्टेंटनंतर बहुतेक अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल देतात, या गोळ्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. म्हणजे मघाशी सांगितलेलं ते कच्चं बूच जमायलाच उशीर. काहींना वॉरफेरिनसारखी गोळी असते, ती जाळी विणायच्या कामात अडथळा आणते. दोन्ही बाबतीत उपाय तोच, फक्त वेळ जास्त, १० च्या जागी २० मिनिटं धरा, आणि छोटी जखम असली तरी दाखवून घ्या. तुमचं थांबेना यामागे हेही एक कारण असणार. पण म्हणून गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होणं हे हाताच्या जखमेपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. गोळ्यांची नावं लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा, आणि तुमच्या फोनमध्येही.

किती रक्त गेलं म्हणजे जास्त, हे तुम्ही विचारलं नाहीत पण त्या वेळी हाच प्रश्न डोक्यात असतो. मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं, किलोमागे ७० मिलीलिटरच्या आसपास. रक्तदानात साडेतीनशे ते साडेचारशे मिलीलिटर घेतात आणि माणूस चालत घरी जातो. तेवढंच रक्त फरशीवर पसरलं तर बघणाऱ्याचे पाय लटपटतात, त्यामुळे फरशी बघून अंदाज बांधू नका, माणसाकडे बघा. नाडी जलद होणं, हातपाय गार आणि घामेजलेले, चेहरा पांढरा, तहान तहान करणं, अस्वस्थपणा, मग असंबद्ध बोलणं. बीपी खाली यायला खूप उशीर लागतो, जवळजवळ ३० टक्के रक्त गेल्यावर ते घसरायला लागतं, तोपर्यंत शरीर कसंबसं सांभाळून घेतं. म्हणून "बीपी नॉर्मल आहे" यावर मी कधी निश्चिंत होत नाही. बडबड करणारा माणूस एकदम गप्प झाला की मी जास्त घाबरते. आणि लहान मुलांत हिशेबच वेगळा, १० किलोच्या बाळात सगळं मिळून ८०० मिलीलिटरच्या आसपास रक्त असतं, तिथं एक वाटीभर रक्तही फार असतं.

असं काही दिसलं तर आडवं ठेवा, अंगावर पांघरूण घाला. पांघरूण ही काळजी म्हणून करायची गोष्ट वाटते पण तो उपचार आहे, अंग गार पडलं की रक्त गोठायची क्रियाच मंदावते आणि रक्त आणखी जातं. ओले कपडे काढा, खाली पण काहीतरी अंथरा, जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. पाणी मागितलं तरी पाजू नका, ओठ ओले करा हवं तर, ऑपरेशनला न्यायची वेळ आली तर पोटातलं उलटून श्वासनलिकेत जायचा धोका असतो.

तुमच्या हातांचंही बघा. ग्लोव्हज असतील तर उत्तम, नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात घालून दाबता येतं. घरच्या माणसाबाबत आपण विचार करत नाही, पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मदत करताना जरूर करा. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस टिकतो. नंतर साबण आणि भरपूर पाणी.

जखमेवर कुठलीही पूड, राख, टूथपेस्ट, मलम काही लावू नका. थांबल्यासारखं वाटतं कारण पूड रक्त शोषते, पण नंतर टाके घालायच्या आधी ते सगळं आम्हाला घासून काढावं लागतं. एका चार वर्षांच्या मुलीच्या कपाळावरच्या जखमेतून अशी पूड सलाईननं धुऊन, चिमट्यानं कण कण काढायला मला पाऊण तास लागला, टाके मात्र दोनच होते, आणि ती रडली ती त्या पाऊण तासात. कापूसही थेट नको, तंतू चिकटून बसतात.

बाकीच्या दोनचार जागा भराभर सांगते. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकून बसायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग १० ते १५ मिनिटं, तोंडानं श्वास, घशात आलेलं थुंकून टाकायचं. अर्ध्या तासात थांबलं नाही तर दवाखाना. डोक्याच्या कातडीचं रक्त फार येतं कारण तिथल्या नसा घट्ट ऊतींत बांधलेल्या असल्यानं आकसू शकत नाहीत, पसरट दाबानं थांबतं, पण हाड आत दबल्यासारखं लागलं तर त्यावर जोर नको. कानातून रक्त किंवा पाणी येत असेल तर बोळा घालायचा नाही. बोट तुटलं तर तुकडा ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. आणि वयस्कर माणसांच्या पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा, त्यातली एखादी फुटली की बाथरूममध्ये रक्ताचं थारोळं होतं, लोक खुर्चीवर बसवतात आणि ते वाहतच राहतं. आडवं झोपवून पाय वर करा आणि बोटानं दाबा, बघता बघता थांबतं.

आता तुमच्या वडिलांसाठी एक काम, आणि हे उद्यावर टाकू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला कातडीखाली लगेचच बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या म्हणजे टेंडन, आणि हालचाल व संवेदना सांभाळणारे दोन मोठे मज्जातंतू असतात. काच ही फार धारदार, वरून दीड सेंटीमीटरचं भोक दिसतं आणि आत ती खोल गेलेली असते. रक्त थांबवायच्या गडबडीत ही तपासणी कधीकधी राहून जाते. त्यांना समोर बसवा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावता येतंय का बघा. मग एकेका बोटाचं मधलं पेर तुम्ही सरळ धरून ठेवा आणि फक्त शेवटचं पेर वाकवायला सांगा, चारही बोटांचं. बोटं एकमेकांपासून फाकवायला सांगा, दोन बोटांच्या मधे कागद धरून तुम्ही ओढा, दुसऱ्या हाताच्या तुलनेत सहज सुटतोय का बघा. डोळे मिटायला सांगून तर्जनीच्या आणि करंगळीच्या टोकाला कापसाचा बोळा लावा, दोन्ही हातांना सारखं जाणवतंय का विचारा. यातलं काहीही कमी वाटलं, "जरा मुंग्या येतात, होईल बरं" असं ते म्हणाले तरी, उद्या सकाळीच हाताच्या सर्जनला दाखवा. तुटलेला मज्जातंतू किंवा टेंडन पहिल्या काही दिवसांत जोडला तर हात बराचसा परत मिळतो, महिन्याभरानं तेच काम फार अवघड होतं. जाताना धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही विचारून ठेवा, ५ वर्षांपेक्षा जास्त झाली असतील आणि त्या दिवशी दिलं नसेल तर सांगा त्यांना. तपासून झालं की इथंच लिहा, कुठलं बोट वाकत नाही किंवा कुठं कमी जाणवतं ते नेमकं लिहा, मी रात्री ड्युटीवरून आले की बघते.